साक्षीचा बोल्ट

ता. १७, मंगळवार

आधी माफी मागतो. कोणाची ते नीट सांगता येत नाही, वहीची म्हणा नाहीतर नातीची. एक तारखेला वसतिगृहात परत जाताना तिने ही वही माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, "आजोबा, रोज एक पान. काय केलंत, कुठे काय ठेवलंत, सगळं लिहायचं. डोकं ताजं राहतं." मी हो म्हटलं. आज सतरा तारीख. मधली सोळा पानं कोरी सोडावीत की पहिल्या पानापासून सुरू करावं, या विचारातच सकाळ गेली. शेवटी पहिल्याच पानावर लिहितोय. सातवी झालेला माणूस आहे मी, शुद्धलेखनाकडे कोणी बघू नये.

इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे, आणि नसतं तर बरं झालं असतं.

घराच्या मागच्या अंगाला आमचा मुलाम्याचा कारखाना. लोखंडी वस्तू तेजाबात धुवायची, मग टाकीत सोडून विजेने तिच्यावर जस्ताचा पातळ थर चढवायचा, म्हणजे गंज धरत नाही. चाळीस वर्षं मी चालवला, आता मुलगा चालवतो. कागदपत्रं सूनबाई बघते. मधे माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. एक झालं, मग दुसरं, मग पहिल्यात पाणी झालं. दोन महिने पट्टी बांधून वरच्या खोलीत बसून होतो. पट्टी गेल्या महिनाअखेरीस सुटली, पण परत खाली उतरलो तो नऊ तारखेला.

माझी एक जुनी खोड आहे. कडक पोलादाच्या बोल्टांची खेप निघाली की तिच्यातला एक बोल्ट मी बाजूला काढतो, भोकं पाडलेल्या जाड पट्टीत घालतो आणि पान्ह्याने होईल तेवढा आवळून ठेवतो. खडूने तारीख घालतो. आठ दिवस टिकला की खेप चांगली. त्याला मी साक्षीचा बोल्ट म्हणतो. मुलगा हसतो, म्हणतो, "बाबा, कोर्टात कधी उभा करणार याला?"

तर आज साडेदहा वाजता मी स्टुलावर बसलो होतो आणि टक् असा आवाज झाला. बघतो तर बोल्टाचं डोकं खाली पडलेलं. कोणी हात लावला नव्हता. मोडलेली जागा खडीसाखरेसारखी चमकत होती.

हा बोल्ट बारा तारखेच्या खेपेतला. साठ केले होते. पन्नास तेराला सकाळी गेले, दहा आपल्याकडे राहिले. गेले ते रंगाऱ्यांच्या मुकादमाकडे. उंच इमारती रंगवायला माणसं ज्या लोखंडी पाळण्यात उभी राहतात, त्या पाळण्याला लागतात ते.

कडक बोल्ट असं आपोआप तुटायला एकच कारण. मुलामा झाल्यावर त्याच दिवशी त्याला भट्टीत आठ तास ठेवावं लागतं. नाही ठेवला तरी दिसतो तसाच, वजनही तेवढंच, पण तिसऱ्या-पाचव्या दिवशी मान टाकतो. का, ते मला ठाऊक नाही. मला माझ्या मिस्त्रीने सांगितलं, त्याला त्याच्या.

आणि बारा तारखेला भट्टीचं काम माझ्याकडे होतं.

मला आठवतंय. संध्याकाळचे पाच, मी ट्रे आत सरकवले, बटण दाबलं, लाल दिवा लागला, मग गुडघे धरत वर आलो. सगळं डोळ्यांसमोर दिसतंय. पण दिसतंय ती बारा तारखेची संध्याकाळ, की चाळीस वर्षांतली कुठलीही?

ता. १८, बुधवार

सकाळी मुलाला विचारलं. तो टाकीवर वाकून पट्ट्या लावत होता, मान वर केली नाही.

"तेराला सकाळी ट्रे भट्टीतून तूच काढलेस ना?"

"कुठले ट्रे?"

"बाराचे. पाळण्यांचे बोल्ट."

त्याने आणखी एक पट्टी अडकवली. मग म्हणाला, "बाबा, ट्रे तर बाहेर टेबलावरच होते. मला वाटलं तुम्हीच काढून ठेवलेत. म्हणून भरले."

"म्हणजे मी घातलेच नाहीत?"

"ते मी कसं सांगू? तुम्हाला काय आठवतंय?"

मी म्हटलं, घातले असं आठवतंय. तो म्हणाला, "मग झालं तर. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही आठवत असेल."

डॉक्टरांनी काही वाईट सांगितलं नव्हतं. पट्टी सुटल्यावर मुलगाच घेऊन गेला होता. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा, असले पोरखेळ. तीसपैकी सत्तावीस मिळाले. डॉक्टर "वयाच्या मानाने उत्तम" म्हणाले. पण घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "तीन गेले, बाबा." तेव्हापासून मी त्या तिनांचाच विचार करतो. गेले ते कुठले तीन, आणि त्यांच्याबरोबर आणखी काय गेलं?

सूनबाई टेबलाशी बसून लिहीत होती. आमचं बोलणं सुरू झालं तेव्हा तिचं पेन थांबलं, ते संपेपर्यंत थांबलेलंच होतं.

ता. २०, शुक्रवार

परवा उरलेल्यांपैकी चार बोल्ट आवळून ठेवले होते. आज दोघांची डोकी गेली. म्हणजे एकाचा दोष नाही, सगळी खेपच तशी.

मुलगा म्हणतो, "तुमचा हात जड आहे. एवढं आवळलं तर कुठलाही तुटेल." माझा हात! परवा सूनबाईने लोणच्याची बरणी दिली उघडायला, तिचं झाकण फिरलं नाही माझ्याच्याने.

मन रमवायला टेबल आवरायला घेतलं. प्रत्येक खेपेबरोबर एक छापील दाखला जातो: किती नग, किती थर, भट्टी किती तास. खाली सूनबाईची सही. पोरगी फार टापटिपीची. पुढच्या आठवड्याचे दाखलेसुद्धा भरून तयार आहेत, "भट्टी आठ तास" प्रत्येकावर नीट लिहिलेलं. अशी शिस्त माझ्यात असती तर आज ही वेळ आली नसती.

हवा दमट आहे. भट्टीच्या दारावर टॉवेल वाळत घालायची माझी जुनी सवय, तासाभरात खणखणीत वाळायचा. परवापासून टाकलाय, अजून ओलाच. आता कुबट वास यायला लागला.

ता. २२, रविवार

नात आली, दोन दिवसांसाठी. ती रसायनशास्त्र शिकते, म्हणून मी तिला शास्त्रीणबाई म्हणतो. तिला एकटीला गाठून विचारलं की, भट्टीत न घातलेला बोल्ट का तुटतो ते मला समजेल असं सांग. तिला वाटलं आजोबांना हौस आली. मी तसंच वाटू दिलं.

तिने स्वयंपाकघरातून खड्याचं मीठ आणलं आणि खिळ्याचा एक तुकडा घेतला. "दोन्हीवर हातोडी मारा." मारली. मीठ फुटून चारी दिशांना उडालं, खिळा नुसता चपटा झाला.

"का?"

"मीठ मऊ म्हणून," मी म्हटलं.

"मऊ असतं तर चपटं झालं असतं. आजोबा, सगळे पदार्थ अणूंचेच. फरक आहे तो ते एकमेकांना धरून कसे बसतात त्यात. मिठात एक अधिक, शेजारी एक उणे, परत अधिक, परत उणे, अशी पंगत. उलट असतात म्हणून घट्ट धरतात. पण हातोडी बसली आणि एक ओळ एका जागेने सरकली की अधिकासमोर अधिक येतो. दोघं एकमेकांना ढकलतात. फुटलं."

"आणि लोखंड?"

"लोखंडात प्रत्येक अणू आपले थोडे इलेक्ट्रॉन सगळ्यांमध्ये टाकतो. ते कोणा एकाचे राहत नाहीत, सगळीकडे फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. ओळ सरकली तरी धरणारे तेच, म्हणून तुटत नाही, वाकतं."

"म्हणजे एकत्र कुटुंब."

"हो. पण न भांडणारं."

"मग ते कुटुंब नव्हे."

ती खूप हसली. मग पुढे म्हणाली, त्याच लोखंडात चिमूटभर कार्बन घालून, लाल करून पाण्यात बुडवलं की ओळींना सरकायला जागा राहत नाही. पोलाद कडक होतं. ताकद वाढते, पण वाकून घ्यायची सोय कमी होते.

"तेजाबात बुडबुडे येतात ना, तो हायड्रोजन. सगळ्यांत लहान अणू. दोघांची जोडी जमली की बुडबुडा होऊन वर निघून जातात. ज्यांची जोडी जमायच्या आधीच वाट चुकते, ते एकेकटे पोलादात शिरतात. वरून तुम्ही जस्ताचा थर चढवता, म्हणजे दार बंद. आतले भटकत राहतात. बोल्ट आवळला की जिथे ताण जास्त तिथे जाऊन जमतात आणि तिथली पकड सैल करतात. बारीकशी भेग पडते, तिच्या टोकाशी परत जमतात, भेग पुढे सरकते. साधं लोखंड वाकून वेळ मारून नेतं. कडक पोलादाला ते येत नाही."

"म्हणून दिवस लागतात."

"म्हणून दिवस लागतात. दोनशे अंशावर आठ तास ठेवलं की त्यांची पळापळ होते आणि जस्तातूनही बाहेर पडतात. तुमच्या मिस्त्रीला हे कोणी शिकवलं होतं?"

कोणी नाही. त्याने माणसं पडताना बघितली होती एवढंच. ते मी तिला सांगितलं नाही.

दारात सूनबाई उभी होती, हातात मिठाचं भांडं घेऊन. किती वेळ उभी होती कळलं नाही. लेकीला म्हणाली, "पुरे आता. आजोबांना दमवू नकोस." आवाज असा होता की नातीने हातोडी लगेच खाली ठेवली.

ता. २३, सोमवार

नात सकाळच्या गाडीने गेली. ती गेल्यावर मुलाशी बोललो. म्हटलं, बोल्ट परत मागव. चूक माझी आहे, मुकादमाला तसं सांग.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. खुर्ची ओढून समोर बसला आणि हळूच बोलायला लागला, लहान मुलाला समजावतात तसं.

"बाबा, एक खेप परत मागवली की सगळे विचारणार, आमच्या खेपेचं काय? चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं. तुमच्याच हाताने पुसणार?"

"आणि पाळणा पडला तर?"

"नाही पडत. प्रत्येक सांध्याला सहा-सहा बोल्ट असतात. एखादा गेला तर बाकीचे धरतात."

"ते सहाही एकाच खेपेतले."

यावर तो डोळे चोळत राहिला. डोळे लाल होते त्याचे. झोप होत नसावी. किती बारीक झालाय. दोन महिने मी नव्हतो, सगळा भार एकट्यावर पडला, आणि आल्या आल्या मी हा घोळ घालून ठेवला.

"मी जाऊन सांगतो मुकादमाला," मी म्हटलं.

"तुम्ही कुठेही जायचं नाही."

ता. २४, मंगळवार

गेलो नाही. चप्पल घातली, काढली. दोनदा.

इमारत किती मजल्यांची असेल?

ता. २५, बुधवार

चौदा. मी खालून मोजले.

बसने गेलो, पिशवीत उरलेले पाच बोल्ट आणि तुटलेली तीन डोकी घेऊन. पाळणा नवव्या मजल्यावर लोंबत होता, आत दोघं रंगारी. एकजण गात होता, इतक्या वरून शब्द कळत नव्हते. माझ्या पायांना खाली, जमिनीवर, घाम फुटला.

मुकादम जाडजूड, हसरा माणूस. मला बघताच म्हणाला, "या आजोबा, बसा. चहा घेणार ना?"

"तुम्ही मला ओळखता?"

"तुमच्या चिरंजिवांचा फोन आला होता सकाळी. म्हणाले, म्हातारबुवा येतील कदाचित, हल्ली जरा विसरतात, चहा पाजून बसमध्ये बसवून द्या."

चहा खरंच आला. मी तो हातात धरून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खणातून कागद काढला. "हे बघा. भट्टी आठ तास. खाली सही आहे. आता मी कागदावर विश्वास ठेवू की तुमच्या आठवणीवर? तुम्हीच म्हणताय आठवत नाही."

कागद खोटा म्हणावं तर सुनेची सही. तिला बिचारीला काय माहीत, मी घातले म्हटलं असेन, तिने लिहिलं असेल.

मी डोकी त्याच्या टेबलावर ठेवली. ती बघून त्याचं हसू थोडं कमी झालं. मी म्हटलं, "मुलगा म्हणतो माझा हात जड. बरं, हे पाच घ्या. तुमच्याच हाताने आवळा, तुमच्याच पान्ह्याने, तुमच्याच गर्डरला. आठ दिवस ठेवा. एकही तुटला नाही तर मी परत येऊन तुमचा चहा पिणार नाही, तुम्हाला पाजीन."

"आणि तुटला तर?"

"तर पाळणा खाली घ्या."

त्याने तीन आवळले, माझ्यासमोर. दोन ठेवून घेतले. माझं समाधान व्हावं म्हणून केलं असेल, पण केलं. निघताना हात जोडले, म्हटलं, निदान वरच्यांना कमरेचे दोर लावायला सांगा. "ते रोज सांगतो, ऐकतं कोण?" म्हणाला, आणि तोंडाशी हात धरून वर बघून सणसणीत शिवी हासडली. गाणं थांबलं. दोघं दोर बांधताना दिसले, तेव्हा मी बसकडे निघालो.

घरी मुलगा माझ्याशी बोलला नाही. मीही त्याला फोनचं विचारलं नाही. विसरतो हे खरंच आहे, त्याने सांगितलं तर काय चुकलं? तरी चहाची चव तोंडातून जात नाहीये.

ता. २६, गुरुवार

फोन नाही. सूनबाईने दोनदा विचारलं, "कोणाचा फोन आला का, बाबा?" मी तर तिला काही सांगितलं नव्हतं.

ता. २८, शनिवार

दुपारी जेवताना मुकादमाचा फोन आला, मुलाच्या मोबाईलवर. बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं, इतका तो मोठ्याने बोलत होता.

काल एक तुटला, आज सकाळी दुसरा. दुसरा तुटल्याबरोबर त्याने पाळणा खाली घेतला आणि एकेक बोल्ट तपासला. एका सांध्यावर एका बोल्टाचं डोकं नुसतं वाळलेल्या रंगाने चिकटून होतं. नखाने ढकललं तर पडलं. त्याच्या शेजारच्याला भेग.

"तुमच्या म्हातारबुवांना द्या फोन," तो म्हणाला. मुलाने दिला. "आजोबा, चहा माझ्याकडे लागू." एवढं बोलून त्याने ठेवून दिला.

मी ताटावरच रडलो. दोन माणसं जिवंत आहेत, एक गात होता. मुलगा उठून हात धुवायला गेला, बराच वेळ नळ वाहत होता. मी त्याला म्हटलं, "झालं, संपलं. माझी चूक होती, निस्तरली." तो माझ्याकडे बघतच राहिला. अशा नजरेने लहानपणी बघायचा, काही फोडलं की.

ता. २९, रविवार

आज ठरवलं की मुकादमाचे पन्नास बोल्ट नव्याने करायचे, आणि भट्टीपाशी मी स्वतः आठ तास बसायचं, हलायचं नाही. मुलगा बाहेर गेला होता. आधी भट्टी नुसतीच लावून बघितली. बटण दाबलं, लाल दिवा लागला. स्टूल घेऊन बसलो. तास झाला. दाराला हात लावला. थंड. आत हात घातला. थंड.

वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. पलीकडच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने मागचा पत्रासुद्धा उघडला नाही.

"आजोबा, हिची कॉइल जळलीय. दिवा काय, तो वेगळ्या वायरवर आहे."

"कधी जळली? आज?"

"आज कशी? दोन महिने होऊन गेले. मीच सांगितलं होतं तुमच्या मुलाला, बाहेरून मागवावी लागेल. तुम्ही तेव्हा पट्टी बांधून वर होता."

तो गेला. मी स्टुलावर बसून राहिलो.

म्हणजे मी ट्रे घातले होते. बारा तारखेला, पाच वाजता, घातले होते. बटण दाबलं होतं, दिवा लागला होता. माझी संध्याकाळ माझीच होती.

हे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. एक क्षण झालाही. मग ट्रे बाहेर टेबलावर होते असं सांगणाऱ्याचा चेहरा आठवला, आणि वाटलं की तीसपैकी तीन मिळाले असते तरी चाललं असतं.

मुलगा आल्यावर मी काही बोललो नाही. विचारलं तर तो उत्तर देईल, याचीच भीती वाटली.

ता. ३०, सोमवार

सकाळी मुलगा खाली गेल्यावर सूनबाई माझ्या खोलीत आली. हातात जावक नोंदीचं रजिस्टर होतं. पाच ठिकाणी कागदाचे चिठोरे घातलेले.

"बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. मला पत्रं लिहून द्याल?"

मी पानं उघडली. पाच खेपा, पाचही कडक बोल्टांच्या. तारखा वाचल्या. म्हटलं, "या दिवसांत मी वर होतो."

"हो," ती म्हणाली.

"यातली एकही माझ्या हातातून गेली नाही."

"हो, बाबा."

मग ती खाली जमिनीवरच बसली. म्हणाली, पहिल्या खेपेला, भट्टीशिवाय नुसतं एकदाच पाठवायचं, असं ठरलं होतं. कॉइल आठवड्यात येणार होती. ती आली नाही, आणि त्या खेपेचं काही वाईट झालं नाही, म्हणून दुसरी. तिसरीला त्याने तिला विचारलंसुद्धा नाही. तिने दाखला भरून ठेवलेलाच होता. "त्या रविवारी मिठाचा खडा फुटला ना, तेव्हा माझ्या लेकीच्या तोंडून ऐकलं. दिवस लागतात म्हणाली. मी दारात उभी राहून दिवस मोजत होते. तुमच्यावर आळ आला तेव्हाही मी गप्पच बसले, बाबा. तुमच्या डोळ्यांत माझ्या हाताने औषध घातलं, आणि..."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही धीर हवा होता.

लिहीत काय बसायचं, आधी फोन लावू म्हटलं. ती फोन करत गेली, मी शेजारी बसलो. क्रेनवाला शिव्या देऊन म्हणाला, आजच काढतो. लिफ्टवाल्याने अजून बसवलेच नव्हते, पेटी तशीच पडून होती. गोदामात मांडण्या लावणाराही भेटला. चौथ्याचा फोन कोणी उचलेना. तेवढ्यात मुलगा वर आला. रजिस्टर बघितलं, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. चौथ्याच्या पानातली चिठ्ठी उचलली, पत्ता वाचला आणि स्कूटरची किल्ली घेऊन गेला. जेवलाही नाही. दारातून म्हणाला, "बाबा, मी..." आणि उतरून गेला. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. आता वाटतंय, मारायला हवी होती.

राहिला पाचवा. शाळांच्या मैदानात मुलांना चढायला-लोंबकळायला लोखंडी साधनं बसवतो तो. त्याचा नंबर बंद आहे. दुकान दुसऱ्या शहरात आहे, आज तिकडे जाणारी गाडी सुटून गेली. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मी आणि सूनबाई निघणार. तोवर आज दुपारच्या पार्सलच्या गाडीने पत्र पुढे पाठवतोय, म्हणजे दुकान उघडल्याबरोबर त्याच्या हातात पडेल.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "माझ्या म्हातारपणाच्या विसरण्यामुळे." सूनबाईने वाचलं आणि ती ओळ खोडली. "तुम्ही विसरला नव्हतात, बाबा. आतातरी खरं लिहा." खाली तिनेच सही केली, दाखल्यांवर करते तशीच, गोल आणि नीट.

पत्राची नक्कल इथे ठेवतो.

"सा. न. वि. वि. मागच्या महिन्यात आमच्या कारखान्यातून तुम्हाला ऐंशी बोल्ट पाठवले. दाखल्यावर भट्टी आठ तास असं लिहिलं आहे. ते खरं नाही. भट्टी बंद होती आणि ते आम्हाला माहीत होतं. हे बोल्ट दिसायला चांगले आहेत, ओढून बघितले तरी चांगलेच वाटतील, पण आतून त्यांची पकड सुटत चाललेली असते आणि कुठल्या दिवशी तुटतील ते सांगता येत नाही. कृपा करून ज्या शाळांमध्ये ते बसवले असतील तिथे हे पत्र पोचताक्षणी निरोप द्या की मुलांना वर चढू देऊ नका. नवे बोल्ट आम्ही देऊ, बसवूनही देऊ, ते नंतर बघू. आधी मुलांना खाली घ्या. मंगळवारी आम्ही तिथे पोचतोच आहोत, पण शाळा आमच्या आधी भरेल. खाली आमचा नंबर दिला आहे, तो फोन गाडीतही आमच्या हातातच असेल. वेळ कुठलीही असो. रागावून कळवा, शिव्या देऊन कळवा, पण मुलं खाली आहेत एवढं लवकर कळवा."